व्हिनलंडचा नकाशा व शास्त्रीय प्रमाणपद्धति

१. विषयप्रवेश

जुने कागदपत्र जमविणाऱ्या व त्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींस शास्त्रज्ञांची मदत घेण्याचे प्रसंग अलीकडे वारंवार येऊं लागले आहेत. कागदाचें वय काय, शाई कशाची, एकाच पत्रांतील दोन ओळी एकाच वेळीं लिहिलेल्या आहेत कीं नाहींत, असे प्रश्न पूर्वीं केवळ नजरेच्या सरावावर सोडविले जात. आतां ते प्रयोगशाळेकडे पाठवितां येतात. परंतु प्रयोगशाळेकडून आलेलें उत्तर कसें वाचावें, याविषयीं आमच्या वर्गांत बराच गैरसमज आढळतो. कोणी त्या उत्तरास वेदवाक्य मानतात. कोणी दोन प्रयोगशाळांचीं उत्तरें जुळलीं नाहींत एवढ्यावरून सर्व शास्त्रच निकालांत काढतात. या दोन्ही वृत्ति सारख्याच घातक आहेत.

शास्त्रज्ञ अनुमान कसें करतात, तें पारखतात कसें, व लोकांपुढें मांडतात कसें, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून दाखवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण परदेशचें आहे. परंतु तें एका हस्तलिखिताचें आहे, त्याचा निकाल लागण्यास छपन्न वर्षें लागलीं, आणि त्यांत पंडितांच्या चुका व त्या चुकांची दुरुस्ती या दोहोंचीहि छापील नोंद शिल्लक आहे. म्हणून आम्हीं तें निवडलें.

२. नकाशाची हकीकत

सन १९५७ त लॉरेन्स विटन नांवाच्या अमेरिकन ग्रंथविक्रेत्यानें युरोपांत एक लहानसें बाड साडेतीन हजार डॉलरांस विकत घेतलें. त्यांत दोन वस्तु एकत्र बांधलेल्या होत्या. एक, मंगोल लोकांविषयीं लॅटिन भाषेंत लिहिलेला ‘टार्टर रिलेशन’ हा ग्रंथ. दुसरी, मधोमध घडी घातलेल्या चर्मपत्रावर काढलेला जगाचा नकाशा. हा नकाशा सुमारें ११ इंच उंच व १६ इंच रुंद आहे. त्यांत युरोप, आशिया व आफ्रिका हे खंड दाखविले असून पश्चिमेकडील महासागरांत आइसलंड, ग्रीनलंड आणि त्यांच्याहि पलीकडे ‘व्हिनलंड बेट’ काढलें आहे. तें ब्यार्नी व लेइफ या दोघांनीं शोधून काढलें, असा मजकूर लॅटिनमध्यें शेजारीं लिहिलेला आहे.

नॉर्वे व आइसलंडकडील दर्यावर्दी लोक कोलंबसाच्या सुमारें पांचशें वर्षें आधीं अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले होते, अशी हकीकत आइसलंडच्या ‘सागा’ नामक जुन्या गद्य आख्यानांत आहे. हा नकाशा खरोखरच इ. स. १४४० च्या सुमाराचा असेल, तर कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं पन्नास वर्षें अमेरिकेचा एक भाग नकाशावर आला होता, असें ठरणार होतें. वस्तु लहान, पण तिच्यावर उभा राहणारा सिद्धांत मोठा, असा हा प्रकार होता. हें बाड मूळ कोणाच्या संग्रहांतील, हें मात्र विटन यांनीं उघड केलें नाहीं. मूळ ठिकाणाचा दाखला नसलेल्या कागदाकडे आपण ज्या सावधपणानें पाहतों, त्याच सावधपणाची गरज येथेंहि होती.

३. पहिलें अनुमान

येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील टॉमस मार्स्टन यांनीं हें बाड पाहिलें, तेव्हां एक अडचण दिसली. नकाशावर व ग्रंथावर कसरीनें पाडलेलीं भोंकें होतीं, परंतु तीं एकमेकांशीं जुळत नव्हतीं. दोन्ही वस्तु पूर्वींपासून एकत्र असत्या, तर तीं जुळावयास हवीं होतीं. थोड्याच काळानें मार्स्टन यांस दुसऱ्या एका विक्रेत्याकडून व्हिन्सेंट ऑफ बोव्हे या तेराव्या शतकांतील ग्रंथकाराच्या ‘स्पेक्युलम हिस्टोरिअले’चा एक खंड मिळाला. त्याचें हस्ताक्षर टार्टर रिलेशनच्या हस्ताक्षराशीं मिळालें. कागदांतील बैलाच्या मस्तकाचें जलचिन्हहि तेंच निघालें. आणि त्याच्या पहिल्या पानांवरील भोंकें नकाशाच्या भोंकांशीं, तर शेवटच्या पानांवरील भोंकें टार्टर रिलेशनच्या भोंकांशीं जुळलीं. म्हणजे आरंभीं नकाशा, मध्यें स्पेक्युलम व शेवटीं टार्टर रिलेशन, असें तें मूळचें पुस्तक होतें.

हें अनुमान सुंदर आहे, आणि तें खोटें ठरलेलें नाहीं. चूक झाली ती त्याच्या पुढच्या पायरीवर. भोंकें जुळलीं यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, नकाशाचें चर्मपत्र त्या पुस्तकांत होतें. त्या चर्मपत्रावर नकाशा त्या वेळीं काढलेला होता, हें भोंकांवरून सिद्ध होत नाहीं. जुन्या पुस्तकाच्या आरंभीं कोरें पान असणें ही नित्याची गोष्ट आहे. आपल्याकडील जुन्या दप्तरांतहि कोरे बंद सांपडतात, आणि बनावट सनद करणारास असा जुना कोरा बंद मिळाला म्हणजे त्याचें निम्मे काम होतें. परंतु इतक्या अनपेक्षितपणें जुळणारा पुरावा हातीं आल्यावर ‘चर्मपत्र जुनें’ आणि ‘नकाशा जुना’ या दोन विधानांतील अंतर कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं.

पुढें पॉल मेलन या धनिक संग्राहकानें नकाशा विकत घेऊन येल विद्यापीठास दिला. मार्स्टन, आणि ब्रिटिश म्यूझियममधील स्केल्टन व पेंटर, अशा तीन पंडितांनीं त्यावर अनेक वर्षें काम केलें. पण हें सर्व काम गुप्तपणें चाललें होतें. इतर तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची मुभा त्यांस नव्हती. अखेर ११ ऑक्टोबर १९६५ रोजीं, कोलंबसाच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशीं, येल विद्यापीठानें त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व नकाशा जगापुढें आला.

४. टीका व शाईची परीक्षा

ग्रंथ प्रसिद्ध होतांच शंका निघाल्या, आणि सन १९६६ त वॉशिंग्टन येथें या एकाच विषयावर परिषद भरली. ग्रीनलंडचा किनारा, विशेषतः उत्तरेकडील, पंधराव्या शतकाच्या मानानें संशय यावा इतका बरोबर आहे. त्या काळच्या कोणी त्याला वळसा घालून तो पाहिल्याचा दाखला नाहीं, हा एक आक्षेप होता. हे आक्षेप नकाशा छापण्यापूर्वीं ऐकावयास मिळाले असते, तर पुढील कित्येक वर्षांचे श्रम वांचले असते.

शाईचा प्रश्न निराळा होता. युरोपांतील मध्ययुगीन लेखक बहुधा मायफळ व हिराकस यांपासून केलेली लोहयुक्त शाई वापरीत. कालांतरानें ही शाई चर्मपत्रांत मुरते व काळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंस पिवळसर तपकिरी छटा उमटते. नकाशावरहि काळ्या रेषेखालीं पिवळी रेषा दिसत होती, आणि म्हणून तो जुना भासत होता.

शिकागो येथील वॉल्टर मॅक्रोन यांनीं या रेषांचे अति सूक्ष्म कण काढून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासले. त्यांचा निष्कर्ष सन १९७४ त प्रसिद्ध झाला. पिवळी छटा ही शाई मुरून आलेली नसून निराळ्या द्रव्यानें काढलेली स्वतंत्र रेषा आहे, आणि त्या द्रव्यांत टिटॅनियम डायॉक्साइडचे ‘अ‍ॅनाटेस’ नामक स्फटिक आहेत, असें त्यांस आढळलें. अ‍ॅनाटेस निसर्गांतहि मिळतें; परंतु येथील कणांचा गोलसर आकार व सारखेपणा हा कारखान्यांत तयार केलेल्या रंगद्रव्यासारखा होता, आणि असें रंगद्रव्य सन १९२० च्या सुमारापूर्वीं बाजारांत नव्हतें.

येथें शास्त्रज्ञाच्या विचाराची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. नकाशा खरा आहे हें दाखविणारे पुरावे जमविण्याऐवजीं मॅक्रोन यांनीं असा प्रश्न केला कीं, नकाशा बनावट असेल तर त्यांत असें काय सांपडेल, जें खऱ्या नकाशांत सांपडणें शक्य नाहीं? अनुकूल गोष्टी शंभर सांपडल्या तरी त्या जाणत्या बनावट करणारानें मुद्दाम आणलेल्या असूं शकतात. प्रतिकूल गोष्ट एकच, पण जिचा दुसरा अर्थ लागत नाहीं अशी असेल, तर ती अधिक वजनाची असते.

५. विरुद्ध मापन

प्रकरण येथें संपलें नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत टॉमस कॅहिल व त्यांचे सहकारी यांनीं सन १९८५ त प्रोटॉनांचा झोत टाकून नकाशाचें परीक्षण केलें व १९८७ त तें प्रसिद्ध केलें. त्यांस टिटॅनियम आढळलें, परंतु अत्यल्प. यावरून मॅक्रोन यांचा निष्कर्ष पुनः तपासावयास हवा, असें त्यांनीं म्हटलें. पारडें फिरलें, सन १९९५ त येल विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें मूळ ग्रंथाची दुसरी आवृत्ति काढली व नकाशाच्या खरेपणाचा पक्ष तींत पुनः मांडला गेला.

दोन नामांकित प्रयोगशाळा, दोन उलट उत्तरें. सामान्य वाचक अशा वेळीं गोंधळतो. परंतु दोघांनीं मोजलें काय, हें पाहिल्यास गोंधळ बराच कमी होतो. प्रोटॉनांचा झोत जेथें पडतो, तेथील शाई व चर्मपत्र मिळून एकंदर टिटॅनियम किती, याची मोजणी कॅहिल यांनीं केली. शाईच्या कणांत टिटॅनियम कोणत्या रूपांत आहे, हा मॅक्रोन यांचा प्रश्न होता. काळी शाई बहुतेक झडून गेलेली व उरलेली रेषा अत्यंत पातळ, अशा स्थितींत एकंदर मोजणी अल्प येणें आणि कणांचें रूप आधुनिक असणें, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात.

मध्ययुगीन शाई करण्याच्या क्रियेंतच अ‍ॅनाटेस उत्पन्न होत असेल, अशीहि एक उपपत्ति नकाशाच्या कैवारी पक्षाकडून जॅकलीन ओलिन यांनीं मांडली. हा आक्षेप योग्य होता, कारण तो पारखून पाहतां येण्याजोगा होता. अशा रीतीनें उत्पन्न होणाऱ्या कणांचें रूप नकाशावरील कणांशीं जुळत नाहीं, असें प्रतिपक्षानें स्फटिकांचा आकार व घडण यांवरून उत्तर दिलें. मतभेद झाला तरी दोन्ही पक्षांनीं आपली कृति, आपले आंकडे व आपलीं चित्रें छापून दिलेलीं होतीं. त्यामुळें तिसऱ्या माणसास दोघांचेंहि काम पुनः करून पाहण्याची सोय राहिली.

६. सन २००२ चीं दोन उत्तरें

सन २००२ त या नकाशाविषयीं दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. पहिला डोनाह्यू, ओलिन व हार्बटल यांचा. त्यांनीं चर्मपत्राचा लहानसा तुकडा कापून घेऊन कार्बनच्या साहाय्यानें त्याचें वय काढलें. ही पद्धति विलर्ड लिबी यांनीं १९४९ त पुढें आणली व तिच्याकरितां त्यांस १९६० चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्राणी जिवंत असतां त्याच्या शरीरांत किरणोत्सर्गी कार्बनचा अंश सतत येत असतो. प्राणी मेला म्हणजे ही आवक थांबते, आणि असलेला अंश सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला अंश मोजून मृत्यूचा काळ काढतां येतो. नकाशाच्या चर्मपत्राचा काळ इ. स. १४३४, अधिक उणें ११ वर्षें, असा आला. हें ‘अधिक उणें’ म्हणजे अनिश्चितीची कबुली नव्हे, अनिश्चितीचें माप आहे. अशा दर तीन मोजण्यांपैकीं सुमारें दोहोंत खरा काळ त्या मर्यादेंत असतो, असा त्याचा अर्थ. शिवाय चर्मपत्रावर सन १९५० नंतरच्या कार्बनचें एक द्रव्य लागलेलें होतें. तें काढून टाकूनच ही मोजणी करावी लागली, हेंहि त्यांनीं नमूद केलें.

दुसरा निबंध लंडन येथील कॅथरिन ब्राउन व रॉबिन क्लार्क यांचा. प्रकाश पदार्थावरून विखुरतांना त्याच्या रंगांत होणाऱ्या फरकावरून पदार्थ ओळखण्याची जी रीत त्यांनीं वापरली, तिचें मूळ चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं सन १९२८ त कलकत्त्यास लावलेल्या शोधांत आहे. नकाशाची काळी रेषा कार्बनची, म्हणजे आपल्या काजळाच्या शाईच्या जातीची आहे, आणि अ‍ॅनाटेस पिवळ्या रेषेंत आहे, असें त्यांस आढळलें. काजळाची शाई चर्मपत्रांत मुरून पिवळी पडत नाहीं. आपल्या पोथ्यांची काळी अक्षरें शतकानुशतकें कांठ न पसरतां राहिलेलीं आहेत, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां काजळाच्या रेषेखालीं पिवळी छटा येण्यास ती मुद्दाम काढल्याशिवाय दुसरें कारण उरत नाहीं.

एका निबंधानें चर्मपत्र पंधराव्या शतकाचें ठरविलें, दुसऱ्यानें रेषा विसाव्या शतकाच्या ठरविल्या. यांत विरोध मुळींच नाहीं. प्रत्येक परीक्षा तिला विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देते. आपण विचारलाच नाहीं अशा प्रश्नाचें उत्तर तिच्याकडून वदवून घेणें हा दोष वाचणाराचा आहे.

७. नकलेचा दोष व अखेरचा निकाल

रसायनशास्त्राबाहेरहि एक पुरावा उजेडांत आला, व तो आमच्या वाचकांस विशेष रुचेल. या नकाशाचें आंद्रेआ बिआंको याच्या १४३६ च्या नकाशाशीं साम्य आहे, हें पूर्वींच दिसलें होतें. जॉन पॉल फ्लॉइड या स्कॉटिश अभ्यासकानें असें दाखविलें कीं, बिआंकोच्या नकाशाची जी कोरीव प्रतिकृति अठराव्या शतकांत, सन १७८२ च्या सुमारास, छापली गेली, तींतील नकलेचे दोष व्हिनलंडच्या नकाशांत उतरलेले आहेत. पोथ्यांचा वंशवृक्ष लावतांना आपण जो नियम पाळतों, तोच हा नियम. बरोबर पाठ दोन प्रतींत स्वतंत्रपणें येऊं शकतो. तेच चुकीचे पाठ दोहोंत आले, तर एक प्रत दुसरीवरून उतरलेली असली पाहिजे. तसेंच टार्टर रिलेशन व स्पेक्युलम यांचा खंड सन १८९२-९३ त माद्रिद येथील प्रदर्शनांत मांडला होता, आणि त्याच्या जुन्या वर्णनांत नकाशाचा उल्लेखहि नाहीं, हेंहि त्यांनीं दाखविलें.

अखेर येल विद्यापीठाच्याच तज्ज्ञांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें संपूर्ण नकाशा तपासला. पूर्वींच्या परीक्षा निवडक जागांच्या होत्या. ही सर्व रेषांची होती. टिटॅनियम नकाशाच्या सर्व भागांत आढळलें, आणि लोहयुक्त शाईंत अपेक्षित असणारें लोह जवळजवळ नव्हतें. तुलनेसाठीं त्याच काळच्या इतर हस्तलिखितांचे तुकडे तपासले, तेव्हां त्यांत स्थिति याच्या उलट निघाली. चर्मपत्राच्या पाठीवर एक लॅटिन टीप आहे. नकाशा स्पेक्युलमबरोबर होता याचा आधार म्हणून १९६५ त तिचा उपयोग केला गेला होता. ती टीप मुळांत पुस्तक बांधणारासाठीं लिहिलेली सूचना असून तिच्यावर आधुनिक शाईनें फिरवून दुसरा मजकूर केलेला आहे, असें दिसून आलें. नकाशा काढणाराचा हेतु फसविण्याचा होता, हें या एका गोष्टीनें ठरलें. सप्टेंबर १९२१ नव्हे, तर सन २०२१ च्या सप्टेंबरांत, म्हणजे पहिल्या ग्रंथानंतर छपन्न वर्षांनीं, नकाशा बनावट असल्याचें येल विद्यापीठानें स्वतः जाहीर केलें. ज्या संस्थेचा त्यांत सर्वांहून अधिक मान गुंतला होता, तिनेंच हें जाहीर करावें, ही गोष्ट आम्हांस त्या नकाशाहून अधिक मोलाची वाटते.

८. मूळ प्रश्नाचें काय झालें?

नकाशा बनावट ठरला म्हणून नॉर्स लोक अमेरिकेस गेलेच नाहींत, असें कोणी समजूं नये. हेल्गे इंगस्टाड व त्यांच्या पत्नी आन स्टीन यांनीं न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथें सन १९६० पासून शोध व उत्खनन करून त्या लोकांची वसाहत उजेडांत आणली होती. तेथील लाकडाच्या तुकड्यांचें परीक्षण ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. इ. स. ९९३ च्या सुमारास आकाशांतून आलेल्या किरणांमुळें जगभरच्या झाडांत किरणोत्सर्गी कार्बनचें प्रमाण एकदम वाढलें, व त्या वर्षाच्या वलयांत त्याची खूण राहिली. धातूच्या हत्यारानें तोडलेल्या तीन निरनिराळ्या झाडांच्या तुकड्यांत ही खूण सांपडली, आणि तिच्यापासून सालीपर्यंत तिन्हींत अठ्ठावीस वलयें भरलीं. म्हणजे तिन्ही झाडें इ. स. १०२१ त तोडलेलीं होतीं. जी गोष्ट नकाशावरून सिद्ध करण्याची धडपड पन्नास वर्षें चालली, ती तीन लांकडांवरून वर्षासह सिद्ध झाली. खऱ्या सिद्धांतास खोट्या कागदाचा टेंकू लागत नाहीं. उलट तो टेंकू निसटला म्हणजे सिद्धांतावरचाहि विश्वास काहीं काळ डळमळतो.

९. उपसंहार

या हकीकतींतून आमच्या कामास लागू पडणाऱ्या गोष्टी थोडक्यांत अशा :

(१) कागद जुना, म्हणून लेख जुना, असें म्हणूं नये. कागद, शाई, हस्ताक्षराचें वळण, शिक्का व मजकूर यांचा पुरावा निरनिराळा घ्यावा, आणि तो एकमेकांशीं जुळतो किंवा नाहीं हें पाहावें.

(२) कागद प्रयोगशाळेकडे देतांना आपला प्रश्न नेमक्या शब्दांत लिहून द्यावा. आलेलें उत्तर त्या प्रश्नापुरतेंच खरें मानावें, व त्याबरोबरची ‘अधिक उणें’ मर्यादा छापतांना गाळूं नये.

(३) कागद कोठें, कोणाकडे व कशा स्थितींत मिळाला, हें प्रसिद्ध करावें. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें द्यावीं. पाठीवरची टीप निरुपयोगी समजून सोडूं नये.

(४) महत्त्वाचा कागद हातीं आल्यास तो छापण्यापूर्वीं प्रतिकूल मताच्या जाणकारास दाखवावा. श्रेय दुसरा घेईल या भीतीनें कागद रुमालांत बांधून ठेवणें व एके दिवशीं एकदम जाहीर करणें, ही रीत आमच्यांतहि आहे. तिचा परिणाम काय होतो, तें वर दिसलेंच आहे.

संग्राहकानें आयुष्य वेंचून मिळविलेला कागद खोटा ठरला, तर त्याच्या मनास काय वाटतें, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु व्हिनलंडचा नकाशा येल विद्यापीठानें फाडून टाकला नाहीं. बनावट कशी होते व ती कशी ओळखावी, याच्या अभ्यासाचें साधन म्हणून तो तेथें जपून ठेवला आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहांतील एखाद्या कागदाविषयीं अशी शंका असेल, तर त्यांनीं तो शंकेसह पुढें आणावा. त्याचा निकाल कसाहि लागला, तरी संशोधनास त्याचा उपयोग होईल.